बोट टोचून केलेलं उद्घाटन

घुबड ओरडलं तर मी त्याची जात कोणती ते बघतो, आणि शनीपेक्षा शुगरला जास्त घाबरतो. एवढं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्ही मला भुताखेतं मानणाऱ्यांतला समजाल.

मी अनंत, राहणार काचीगुडा, हैदराबाद. शाळेपासून डायबेटिस. काही वर्षांपूर्वी किडनीबरोबर स्वादुपिंडाचंही ट्रान्सप्लांट झालं. कुणाचं, ते सांगत नाहीत; मीही विचारलं नाही. इन्सुलिन सुटलं... आणि मी आमच्या मराठी मंडळाचा चालताबोलता चमत्कार झालो. गणपतीत भाषण, संक्रांतीला भाषण. विषय एकच — 'मी डायबेटिसला हरवलं'. टाळ्या कुणाला नको असतात?

गेल्या हिवाळ्यात घरचं मीटर पुन्हा अडीचशेच्या वर जायला लागलं. असं झालं की डॉक्टरांना ताबडतोब कळवायचं, नाहीतर मिळालेलं स्वादुपिंड कायमचं जाऊ शकतं — हे मला पाठ होतं. तरी कळवलं नाही. बायकोलाही नाही. मीटर कपाटात मोज्यांच्या मागे सरकवलं. कुठल्याशा घरानं आपलं माणूस गेल्यावर दिलेली वस्तू माझ्याकडे येऊन नासली, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

त्यातच मंडळानं शुगर तपासणी शिबिर ठेवलं. अध्यक्ष देशपांडेकाकांना फीत कापण्याचा कंटाळा आला होता.

"उद्घाटन तुमचं बोट टोचून, अनंतराव! आकडा माइकवर वाचू."

"नक्को काका, उगीच..."

"हौ म्हणा हो! तुमची शुगर म्हणजे मंडळाची इज्जत."

सुधा, म्हणजे माझी बायको, हसली. "लाजतोय. एरवी हातातला माइक सोडत नाही."

शिबिराच्या दिवशी सकाळी मी साबणानं हात धुऊन चोरून पाहिलं होतं — दोनशे ऐंशी. सभागृहात शाल, नारळ, समई, आणि सरस्वतीच्या तसबिरीपेक्षा मोठा अध्यक्षांचा फ्लेक्स. मी टेबलाशी बसलो. शेजारच्या खुर्चीत सुती साडीतल्या, साठीच्या एक बाई होत्या. नर्सनं हात मागायच्या आत त्यांनी तो आपल्या हातात घेतला, पदरानं बोट पुसलं आणि हलकेच तेलुगूत म्हणाल्या, "इवाळटिकी नेनु चूसुकुंटा, श्रीनू. रेपु नुव्वे चेप्पु."

आजच्यापुरतं मी बघून घेते, श्रीनू. उद्या तूच सांग.

माझं नाव श्रीनू नाही. आणि सांगण्यासारखं काय होतं, ते माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

नर्सनं टोचलं. काकांनी माइक ओढला — "अठ्ठ्याण्णव!" टाळ्यांचा कडकडाट. मला जाहीर पेढा भरवण्यात आला. त्या बाई उठल्या, दारातल्या ढिगातून आपल्या चपला शोधल्या आणि गेल्या. भुतं चपला शोधत नाहीत, एवढं माझं वाचन आहे.

घरी येऊन मोजलं. तीनशेच्या वर. एका पेढ्यावर एवढं ढकलता येईना.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सुधाला सांगितलं.

"कधीपासून?"

"बरेच दिवस."

"आणि काल माइकवर?"

"ते मला माहीत नाही गं."

ती कपाटाशी जाऊन मोजे उलटेपालटे करून आली. "शुगरचं काही नाही वाटत रे. या मोज्यांचं वाटतं."

लॅबचा आकडाही चढाच आला. शरीर स्वादुपिंड नाकारायला लागलं होतं. डॉक्टरांनी उपचार केले. थोडं वाचलं, थोडं गेलं. आता रोज थोडं इन्सुलिन घेतो. अजून थांबला असतात तर काहीच उरलं नसतं, असं ते म्हणाले.

नर्सचं मीटर बिघडलेलं होतं म्हणावं, तर नंतरच्या रांगेत शुगरवाल्यांचे आकडे चढेच आले. बोटाला गोड लागलेलं असलं तर आकडा चढतो. पदरानं पुसून असा उतरत नाही. सुधानं त्या बाईंना पाहिलं होतं, काकांनीही. "आम्हाला वाटलं, तुमच्याकडच्या," काका म्हणाले.

हॉस्पिटलात फोन करून एवढंच विचारता येईल — देणाऱ्याचं नाव श्रीनिवास, म्हणजे घरचा श्रीनू, होतं का? बहुतेक सांगणार नाहीत. पण मी अजून विचारलेलंच नाही. नाही म्हणाले, तर मी आहे तिथेच आहे. हो म्हणाले, तर... माझ्या पोटात उरलेल्या आपल्या मुलाची अब्रू राखायला ती माउली तिथं आली होती, आणि अब्रू राखली गेली ती माझी.