काचेच्या पेटीतली पाचवी

नाही गं बायांनो, नात अजून घरी आली नाही. सातव्या महिन्यातच झाली, म्हणून जळगावच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलीय.

आज तिची पाचवी. सून रडत म्हणाली, "आई, आज पाचवी शे. सटवाई नशीब लिहायला इथं येईल ना?"

म्हटलं, "येईल की. पण सिस्टर तिला आधी साबणानं हात धुवायला लावतील."

सून पाच दिवसांनी हसली. मग सिस्टरला विचारून पेटीखालच्या कप्प्यात कोरा कागद अन् पेन ठेवला.

नव्वद साली धुळ्याला माझी पहिली पोर अशाच पेटीत होती. नवव्या दिवशी गेली. दवाखान्यानं पाचवी करू दिली नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले. आमचे मालकही तेच खरं मानून वारले.

मला कोणीच अडवलं नव्हतं. ही काही जगत नाही, मग पूजा कशाला, असं मीच ठरवलं होतं.