जुईची जागा

वृंदा जपानच्या सहली आखते. नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पच्या घरात, वरच्या खोलीत बसून, एकटीच. गाइडच्या झेंड्यामागे चाळीस माणसं धापा टाकत पळतात, तसल्या सहली नव्हेत. एका वेळी एकच कुटुंब आणि त्याच्या अंगाबेतानं बेतलेली सहल. पहिल्या फोनवर ती तारखा विचारतच नाही. घरात सगळ्यांत आधी कोण उठतं, भांडण झालं की कोण गप्प बसतं, देवळात कंटाळा कुणाला येतो, असलं काहीबाही विचारते. लोक आधी बिचकतात आणि मग तासभर बोलत सुटतात. त्यातून ती कुणासाठी क्योटोतल्या कुंभाराकडे एक सकाळ ठेवते, कुणासाठी एखाद्या आजीबाईंच्या घरचा चहा. शाकाहारी पुणेकरांसाठी तर जपानी स्वयंपाकघरांशी हुज्जत घालते, कारण तिथल्या साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही सुक्या मासळीचं पाणी असतं.

लोकांच्या मनातलं असं अलगद काढून घेणाऱ्या या बाईला स्वतःच्या नवऱ्याला मात्र एक प्रश्न विचारायला अकरा वर्षं जमलं नाही.

निहारच्या नोकरीमागोमाग ती डिपेंडंट व्हिसावर इथं आली आणि दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेले. बाळंतपणाला पुण्याहून सासूबाई आल्या. सुहासिनीबाईंनी डिंक आणला, अळीव आणले, आणि स्वतःच्या हातानं शिवलेली लाल खणाची कुंची आणली. सगळं सुरळीत चाललं होतं. नवव्या महिन्यात एका सकाळी बाळ हलेना. मुलगी झाली, पण रडली नाही. नर्सनं तिला दुपट्यात गुंडाळून आणलं आणि हलकेच विचारलं, "जवळ घ्यायचंय का?" डच दवाखान्यात तसं विचारतात. सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या, "तोंड बघू नकोस गं. सोसायचं नाही तुला." वृंदानं भिंतीकडे मान वळवली.

पुढचं सगळं निहारनं पाहिलं. काय केलं, कुठं केलं, हे त्यानं सांगितलं नाही आणि हिनं विचारलं नाही. आपल्याकडे अशा वेळी बाईला कुणी काही सांगतच नाही. ती लवकर सावरावी म्हणे. बाराव्या दिवशी पाळण्याभोवती माणसं मावत नाहीत, पण न रडलेल्या मुलीसाठी कुणी दोन अक्षरं तोंडातून काढत नाही. परत जाताना सासूबाईंनी बाळाचं सगळं सामान बॅगेत कोंबलं. कुंची तेवढी वृंदानं उशीच्या अभ्र्यात दडवली.

पुन्हा काही तिला दिवस गेले नाहीत. घर खायला उठायचं, म्हणून ती आम्स्टेलफेनमधल्या एका जपानी बाईंकडे भाषा शिकायला जाऊ लागली आणि त्यातून हा व्यवसाय उभा राहिला. नवरा-बायकोत भांडण असं कधी नव्हतं. दोघं एकमेकांना जपत होते, आणि त्या जपण्यातच सगळं मुकं झालं.

गेल्या वर्षी हार्लेमची एक डच बाई आली. मुलं किती, असं वृंदानं सवयीनं विचारलं. "तीन," ती म्हणाली. "दोन घरी आहेत. एक पोटातच गेला, टाइस." जेवायला काय आवडतं हे सांगावं, तितक्या सहज. क्योटोच्या डोंगरात एक देऊळ आहे. तिथं दगडाच्या लहान लहान जिझोंच्या मूर्ती ओळीनं उभ्या असतात. पोटातच गेलेल्या बाळांचा हा सांभाळणारा. आईबाप त्याला लाल लाळेरं बांधतात, आणि पुजारी बाळाचं नाव घेऊन प्रार्थना करतो. तिला तिथं जायचं होतं. वृंदानं सगळं जुळवून दिलं. त्या बाईचा तिथला फोटो आला, तेव्हा वृंदा स्वयंपाकघरात खाली बसून मोठ्यानं रडली. तिला हेवा वाटला होता. दुसऱ्या बाईच्या मेलेल्या मुलाचा हेवा.

मग तिनं स्वतःसाठी सहल आखली. निहारला सरळ सांगितलं, कुठं आणि कशाला जातेय ते. "तू चल," असंही म्हणाली.

"ऑफिसमध्ये रिलीज आहे," तो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "त्यानं काय होणार आहे वृंदा? You will only feel worse."

ती एकटी गेली. सोबत तिची तिथली नेहमीची गाइड होती, होरिकावा-सान. पुजाऱ्यानं एका जिझोला कुंची घालू दिली. दगडी गालांवर ती जरा सैल झाली. मग त्यानं नाव विचारलं. "नाव नसलं तरी चालतं," होरिकावा-सान हळूच म्हणाली. "आई आत्ता ठेवू शकते." पण बापाला न विचारता नाव ठेवायचं वृंदाच्या जिवावर आलं. तिनं अंगणात येऊन निहारला फोन लावला.

"तिचं नाव विचारतायत. काय सांगू?"

तो म्हणाला, "जुई."

"आत्ता सुचलं?"

"नाही. तेव्हाच. नगरपालिकेत नोंद करताना विचारलं होतं, मी दिलं."

"मग कुठं ठेवलंस तिला?"

"इथंच. पोहण्याच्या तलावामागची दफनभूमी आहे ना, तिथं लहान मुलांचा एक कोपरा आहे."

त्या कुंपणावरून वृंदा दर शनिवारी सायकलनं बाजाराला जात होती. तिला राग यायला हवा होता, पण आधी आनंदच झाला. आपल्या मुलीला नाव आहे, जागा आहे, तीही घरापासून हाकेच्या अंतरावर. "मी येते," ती म्हणाली. "आपण दोघं जाऊ."

"आता नाहीये ती तिथं." निहारचा आवाज बसला. "जागेची दहा वर्षांची मुदत असते. नंतर वाढवायची का, विचारतात. मी नाही वाढवली. तू सावरलीस असं वाटलं मला. जपान, तुझे क्लायंट्स... म्हटलं, कशाला पुन्हा. त्यांनी ती जागा मोकळी केली."

आत जाऊन तिनं नाव सांगितलं. पुजाऱ्यानं ते आपल्या उच्चारानं, नीट, आदरानं घेतलं. वृंदानं हात जोडले, पण मन लागेना. जगाच्या दुसऱ्या टोकाला एका परक्या माणसाला तिची मुलगी ठाऊक झाली होती, आणि घराजवळच्या जमिनीत आता ती नव्हती.

परतल्यावर दुसऱ्या दिवशी दोघं दफनभूमीत गेले. कोपऱ्यात नवी छोटी थडगी होती, त्यांवर भिरभिरी आणि खेळण्यातले ससे. निहार हिरवळीवर इकडे तिकडे फिरला. "इथं असावी," तो म्हणाला. मग चार पावलं मागे आला. "नाही, त्या झुडपाच्या अलीकडे. तेव्हा हे नव्हतं ना." शेवटी तो उभाच राहिला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागला. वृंदानं त्याला रडू दिलं. तिला त्याची कीव आली आणि त्याच वेळी त्याला कधीच क्षमा करता येणार नाही, हेही कळलं.

तो शांत झाल्यावर तिनं विचारलं, "तू तिला बघितलं होतंस?"

"हो. घेतलंही होतं हातात."

"कुणासारखी होती रे?"

"मला आता आठवत नाही, वृंदा," तो म्हणाला.