मागची खोली

आजारपण म्हणजे काय, हे इंदुबाईंना फारसं ठाऊकच नव्हतं. पुलगावच्या जिनिंग कारखान्यात रुईच्या धुळीत त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. खोकला सोडला तर दुखणं म्हणून कधी नाही. हादरल्या त्या नवरा गेला तेव्हा. शेजारी निजलेला माणूस पहाटे हाताला थंडगार लागला आणि आपल्याला रात्रभर पत्ताच नव्हता, हे त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. वर्षश्राद्ध उरकल्यावर मुलगा संतोष त्यांना पुण्याला, कोथरूडला घेऊन आला.

संतोष हिंजवडीच्या एका कंपनीत रात्रपाळीला होता. ते दिवसच तसे होते. अमेरिकेत उजाडलं की इथली पोरं जेवून कामाला निघत. पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट. पुढच्या खोलीत बाल्कनीचं दार उघडं टाकून सून नम्रता आणि दहावीतली नात सृष्टी झोपत. मागची लहान खोली, तिला लागून बाथरूम, ही इंदुबाईंची. डासांसाठी खिडकी बंद, नातीच्या अभ्यासासाठी दार बंद. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची खोली मिळाली म्हणून त्या आधी खूश होत्या.

उन्हाळ्यात पहिला झटका आला. वीज गेली होती, पंखा थांबला होता. जाग आली ती डोक्यात घण बसल्यासारखी. छाती आवळून आली होती. उठायला गेल्या तर पायांत जीव नाही. भिंत धरधरून बाथरूमपर्यंत पोचल्या आणि तिथंच भडाभडा ओकल्या. आदल्या रात्री दोघींनी काय खाल्लं ते नम्रताने आठवून पाहिलं, मग ऊन लागलं असेल म्हणाली. दुपारपर्यंत इंदुबाई बऱ्या झाल्या आणि लिंबू-सरबत पिऊन विषय संपला.

तो संपला नव्हता. काही रात्री सुखाच्या जात, मग अचानक तसंच. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, तो साफ. साखर ठीक. एकाने पित्ताच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्याने झोपेच्या. झोपेच्या गोळ्या इंदुबाईंनी गुपचूप संडासात टाकल्या. आधीच निजायची भीती, त्यात अजून गाढ निजायचं?

मधे त्या पुण्याजवळच्या मांजरी गावात पुतणीकडे, हिराकडे, तिच्या बाळंतपणासाठी राहून आल्या. तिथे रात्रभर बाळ रडे, तरी इंदुबाईंचं डोकं एकदाही दुखलं नाही. त्यांना वाटलं, सुटले. परत आल्या आणि त्याच आठवड्यात, वीज गेलेल्या रात्री, पुन्हा छाती आवळली.

दुसऱ्या दिवशी नम्रता संतोषला हळू आवाजात सांगत होती की हिराकडे काही होत नाही, इथेच होतं. आईंना इथे करमत नाही, गावी जायचंय, ते असं बाहेर पडतंय. बोलण्यात दुष्टावा नव्हता, वैताग होता. दाराआड इंदुबाईंनी ते ऐकलं. राग नाही आला. त्यांना एवढंच वाटलं, की आता आपण हाक मारली तर कोण येणार?

त्यानंतर त्या पलंगावर बसूनच रात्र काढू लागल्या. डुलकी लागली की दचकून जाग्या होत आणि छातीवर हात ठेवून ठोके बघत. कधी वाटे, नवराच बोलावतोय. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दिवसेंदिवस चेहरा उतरत गेला, तशी नम्रताच एके दिवशी म्हणाली की आज मी तुमच्या खोलीत झोपते, काय होतं ते डोळ्यांनी बघते.

तिने खाली गादी घातली आणि दिवसभराच्या थकव्याने लगेच झोपली. वीज गेली. तळमजल्यावर अमेरिकेचं काम करणारं एक ऑफिस होतं, त्यांचा जनरेटर धडधडू लागला. इंदुबाई जाग्याच होत्या. हळूहळू कानशिलं ठणकू लागली. त्यांनी नम्रताला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. खाली वाकून खांदा हलवला. अंग गरम होतं, पण मान लुळी पडली.

त्या क्षणी त्यांना स्वतःचं दुखणं आठवलंच नाही. पाय उचलत नव्हते, म्हणून हातांवर सरपटत त्या दारापर्यंत गेल्या, कडी काढली आणि सगळा जीव एकवटून ओरडल्या, "सृष्टी, धाव बाई! तुही माय उठत नाही!"

पोरगी धावत आली. तिने आईला काखेत धरून ओढलं, इंदुबाईंनी मागून ढकललं, आणि कसंबसं तिला बाल्कनीत आणलं. तिथल्या वाऱ्यावर नम्रताला ओकारी झाली आणि तिने डोळे उघडले.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. दोघी एकाच खोलीत होत्या, हे कळताच तिने दोघींचं रक्त तपासायला पाठवलं आणि सृष्टीला विचारलं, "रात्री घराजवळ काही पेटतं, चालतं का?"

मग उलगडा झाला. धुराची तक्रार दुकानदारांनी केली म्हणून ऑफिसवाल्यांनी जनरेटरचा पाइप वळवून इमारतीच्या डक्टमध्ये, नळांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत, सोडला होता आणि मागच्या बाथरूमचा झरोका त्याच डक्टमध्ये उघडत होता. डिझेलच्या वासाची सगळ्यांना सवय झालेली. पण त्या धुरातल्या ज्या वायूने माणूस झोपेतच जातो, त्याला वासच नसतो, असं डॉक्टरीण म्हणाली. दोघींच्या रक्तात तो सापडला. इंदुबाईंच्या हृदयाला त्याने धक्का दिलाच होता. हृदयाची गोळी कायमची मागे लागली.

सोसायटीच्या सभेत भांडण झालं, संतोष आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत आवाज चढवून बोलला आणि जनरेटर पलीकडच्या मोकळ्या जागेत गेला.

घरी आल्यावर नम्रता सासूजवळ येऊन बसली. "आई, मला वाटलं होतं, तुम्ही मुद्दाम..."

"राहू दे व," इंदुबाई म्हणाल्या. "तू डोळे उघडले ना. बस झालं."

मागच्या खोलीत पुढे जास्तीच्या गाद्या आणि सृष्टीची जुनी पुस्तकं गेली. इंदुबाई पुढच्या खोलीत निजू लागल्या. दुखणं परत आलं नाही, पण गाढ झोपही आली नाही. वीज गेली की त्या उठून बसत, आणि पलीकडच्या गादीवरून नम्रता अंधारात विचारी, "आई, बरं आहे ना?"