साडूंनी न पुसलेला बाण

आमच्या साडूंनी जन्मात एक रेघ हाताने ओढलेली नाही, आणि तरीही कल्याणच्या पुढे त्यांच्याइतक्या आकृत्या दुसऱ्या कोणी काढल्या असतील तर मी मिशी उतरवून देईन. साडू सॉफ्टवेअरवाले, बदलापुरात कुळगावला घरी बसून काम करतात. कुठला प्रोग्रॅम कुणाशी बोलतो हे त्यांच्या धंद्यात चौकोन आणि बाण काढून दाखवावं लागतं. बाकीचे लोक माऊसने चौकोन ओढत, सरकवत बसतात. आमचे साडू नुसतं लिहितात. ‘ग्राहक’, मग दोन डॅश आणि एक टोक, मग ‘दुकान’. बटण दाबलं की कॉम्प्युटर आपणहून चौकोन मांडतो आणि बाण जोडतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी, आनंदनगरच्या कारखान्यात ड्रॉइंग बोर्डावर केस पिकवलेला माणूस, खुर्चीतून उठलोच. म्हटलं, “तो कोपऱ्यातला चौकोन जरा इकडे घ्या ना.” साडू हसले. “नाही येत हो. कोण कुठे बसणार ते आपण नाही सांगायचं. कुणाचं कुणाशी काय आहे, एवढंच सांगायचं. ज्यांच्यात बाण आहे ते आपोआप जवळ येतात.”

बरं, हे ऑफिसपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. यांच्या फ्रिजवर घरच्या पाण्याचीही आकृती आहे. त्यात मोटर बंद करायचा बाण माझ्या मेहुणीकडून निघतो, साडूंकडून एकही निघत नाही. शिवाय प्रत्येक बाणावर शब्द हवाच, ‘पाणी चढवते’, ‘ओरडते’, असा. बिननावाचा बाण त्यांना बघवत नाही. त्यांच्या लेकीचं, सईचं लग्न ठरलं आणि आम्ही साड्या घ्यायला उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये गेलो, तर यांनी गादीवर लॅपटॉप उघडून त्या दुकानाचीच आकृती काढली. बिल आधी गोडाऊनला का जातं, इथपर्यंत गाडी गेली. सिंधी शेठ बिचारा सगळं ऐकून शेवटी म्हणाला, “अंकल, वो सब ठीक है, साडी कौनसी दूँ?”

पण एका बाबतीत साडू भलतेच कडक. आकृतीत जे आहे ते प्रत्यक्षात असलंच पाहिजे. ऑफिसात एकदा कागदावर बाण होता आणि प्रोग्रॅममध्ये ते कामच झालेलं नव्हतं, तर हे साहेबांसमोर अडून बसले होते. “ज्याने लिहिलाय त्याला पुसू द्या, नाहीतर काम करा. खोटी आकृती मी पुढे पाठवणार नाही.” दुसऱ्याने लिहिलेली ओळ स्वतः पुसायची नाही, हाही त्यांचाच नियम.

आणि त्याच नियमात ते सापडले. लग्नाची आकृती तयार झाली. हॉल, केटरर, भटजी, व्याही, आम्ही, सगळे बाणांनी बांधलेले. फक्त त्यांच्या थोरल्या भावाचा चौकोन एकटाच खाली कोपऱ्यात पडलेला. वडिलांच्या वाडीतला आपला हिस्सा साडूंनी बिल्डरला दिला, भावाने आपली जांभळाची झाडं राखली, आणि दोघांचं बोलणं जे बंद झालं ते झालंच. घर दोन गल्ल्यांवर. सई मात्र त्या भाऊकाकांच्या खांद्यावर वाढलेली. ती म्हणाली, “बाबा, भाऊकाका मांडवात नसले तर मी रडणार, सांगून ठेवते.” मग पोरीने लॅपटॉप ओढला आणि एक ओळ लिहिली, ‘बाबा’, बाण, ‘भाऊकाका’. बटण दाबलं मात्र, तो कोपऱ्यातला चौकोन टुणकन यांच्या शेजारी येऊन बसला. माझ्या तर अंगावर काटा आला हो.

“पुस ती ओळ,” साडू म्हणाले.

“मी नाही पुसणार. तुम्ही पुसा.”

साडूंनी लॅपटॉप पुढ्यात ओढला. बोट बटणावर, पण दाबवेना. शेवटी उठले, शर्ट बदलला आणि चपला घालून निघून गेले. आम्ही सगळे चहा घेत उगाच इकडचं तिकडचं बोलत राहिलो. कुणाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

परतले ते हातात पिशवी घेऊन. “काय म्हणाले?” मेहुणीने विचारलं.

“म्हणाला, ‘आयलास? बस.’ बसलो.”

सईने हळूच विचारलं, “बाणावर काय लिहू, बाबा?”

“काही नको. राहू दे तसाच.” एवढं बोलताना त्यांची जीभ दिसली. पार जांभळी झाली होती.

भाऊकाका लग्नात असे मिरवले की व्याह्यांकडचे पाहुणे त्यांनाच वधूपिता समजले. सई आता पुण्याला असते. लग्नानंतर साडूंनी घरच्यांची आकृती नव्याने काढून फ्रिजवर लावली. भावाचा चौकोन त्यांना अगदी चिकटून आहे, आणि सईचा, तिकडचे इतके बाण जोडले गेल्यावर, आपोआप कागदाच्या पार पलीकडे गेलाय. परवा मी न राहवून म्हटलं, “हा जरा इकडे घेता येत नाही का?”

“नाही येत हो,” साडू म्हणाले, आणि फ्रिज उघडून माझ्यापुढे जांभळांचा वाडगा ठेवला.