सूर्यास्ताआधीचं जेवण

"बघण्यासारखं आहे," असं म्हणताना महाराज उजव्या हाताची बोटं जुळवून चिमूटभर मीठ सोडल्यासारखी हवेत उघडायचे. जागा कुठलीही असो, वाक्य हेच आणि हात असाच.

महाराज म्हणजे सुरतमधल्या आमच्या नवागामच्या गल्लीतले आचारी. मूळचे धुळ्याकडचे. आधी पांडेसऱ्यातल्या एका डाईंग मिलच्या कॅन्टीनमध्ये होते. मग मी ज्या ट्रॅव्हल ऑफिसात व्हिसाची कामं करतो, तिथे लागले. सुरतची माणसं परदेशी निघाली तरी आपला आचारी सोबत नेतात, हे तुम्ही ऐकलं असेलच. अलीकडे सगळ्यांचा ओढा व्हिएतनामकडे. त्यामुळे महाराजांच्या पासपोर्टवर त्या देशाचे शिक्के वाढत गेले आणि गल्लीत महाराजांचा मानही.

परत आले की ओट्यावर बसून ते सांगायचे. हा-लाँगच्या खाडीत पाण्यातून सरळ वर आलेले हिरवे डोंगर आणि त्यांच्यामधून जाणारी बोट. दा नांगजवळच्या डोंगरावर दोन प्रचंड दगडी हातांनी उचलून धरलेला सोनेरी पूल. होई आन गावात नदीकाठी लागणारे रेशमी कंदील. बायका हातातलं काम ठेवून ऐकायच्या. त्यांची स्वतःची बायको सगळ्यांत पुढे. दुसऱ्या दिवशी भाजीच्या गाडीपाशी तीच हे सगळं पुन्हा सांगायची, वर आपल्या पदरचे चार कंदील लावून.

खरं काय ते मला ऑफिसात बसून माहीत होतं. पुलावर नेणाऱ्या रोपवेचं तिकीट आचाऱ्यांसाठी काढत नाहीत. पाहुणे पुलावर गेले, की महाराज हॉटेलच्या मागच्या अंगणात भाजी चिरत बसत. होई आनला कंदील लागत, तेव्हा यांच्यापुढे खरकट्या कढया असत. बोटीवर तर फारच वाईट. आमचे बरेच पाहुणे जैन, सूर्यास्तानंतर अन्नपाण्याला न शिवणारे. त्याआधी त्यांची ताटं झालीच पाहिजेत. म्हणजे खाडीचं पाणी सोनेरी व्हायला लागलं, की महाराज खालच्या स्वयंपाकघरात फुलके भाजत असणार.

जेवताना पाहुणे दिवसभराचं बोलत, महाराज वाढता वाढता ऐकत. तेवढ्यावर त्यांनी अख्खा देश उभा केला होता. पण "मी पाहिलं" असं मात्र ते कधी म्हणाले नाहीत. तेवढं त्यांनी सांभाळलं होतं. बाकीचं ऐकणाऱ्यांनी आपापलं समजून घेतलं.

त्यांचा एकुलता मुलगा साड्यांच्या एम्ब्रॉयडरीची डिझाइनं काढायचा. लग्न झाल्यावर तो बायकोला घेऊन दुसऱ्या एका कंपनीच्या टूरने व्हिएतनामला गेला. आल्यावर त्याने शेजाऱ्यांना घरी बोलावून टीव्हीवर फोटो दाखवले. पुलाचा फोटो आला तसे महाराज पुढे सरकले आणि एवढे दगडी हात घडवायला किती कारागीर लागले असतील, ते सांगू लागले.

"दगडी नाहीत पप्पा," मुलगा हसत म्हणाला. "फायबरचे आहेत. आत नुसती जाळी."

महाराज म्हणाले, लांबून दगडच वाटतो.

"तुम्ही लांबूनही पाहिलेले नाहीत. आमच्या टूरच्या आचाऱ्यानेच सांगितलं मला. तुम्हा लोकांना वर नेतच नाहीत."

त्याच्या मनात वाईट नसावंही. नवी बायको शेजारी बसली होती, तिच्यासमोर आपल्याला जास्त कळतं एवढंच दाखवायचं असेल. पण शब्द सगळ्यांनी ऐकले. कोणी चहाच्या कपात पाहू लागलं, कोणी उठायची घाई केली. महाराजांच्या बायकोने टीव्हीवरची नजर काढली नाही. घरच्या अहिराणीत हळूच म्हणाली, "मंग आते मी बायास्ले काय सांगू?"

महाराज उठले आणि रिकामे कप गोळा करू लागले.

पुढच्या टूरवर ते गेले. बोटीवर, ऐन वेळेला, मळलेली कणीक परातीत तशीच टाकून ते वर डेकवर आले आणि पिठाच्या हातांनी कठडा धरून उभे राहिले. टूर मॅनेजर मागे येऊन दोनदा म्हणाला, "महाराज, टाइम थई गयो." ते हलले नाहीत. सूर्य बुडाला. त्या संध्याकाळी म्हातारी म्हातारी माणसं उपाशी झोपली, पाणीसुद्धा न पिता. तक्रार आमच्या ऑफिसात पोचली, आणि महाराज सुरतला उतरले त्याच दिवशी मालकाने त्यांना काढून टाकलं. याआधी त्यांच्या हातून एकदाही जेवणाला उशीर झाला नव्हता, हे कोणाच्या तोंडून निघालं नाही.

मी त्यांना एकट्याला गाठून विचारलं, कसं दिसत होतं?

"पाण्यात दगड उभे आहेत," ते म्हणाले. "मागे एक म्हातारी उभी होती. जेवायला कधी, म्हणून विचारत होती. मी वळलो नाही. पण दिसत होती तीच."

नंतर ते सुरतबाहेर पलसाण्याला एका मिलच्या कॅन्टीनमध्ये लागले. ओट्यावरचं बसणं बंद झालं. बायको भाजी आणायला पलीकडच्या गल्लीत जाऊ लागली. मुलाने डिंडोलीला वेगळा फ्लॅट घेतला. एका दुपारी कॅन्टीनमध्येच, वाढता वाढता, महाराज खाली बसले आणि पुन्हा उठले नाहीत.

मुलाने सगळं रीतीने केलं. तेराव्याला फोटो हवा होता, पण लग्नाच्या फोटोंत महाराज घोळक्यातच होते, आणि इतक्या टूर झाल्या तरी त्यांचा एकट्याचा फोटो कोणी काढलाच नव्हता. शेवटी ऑफिसातल्या फाइलमधला पासपोर्टचा फोटो मीच पाठवला. मुलाने तो स्टुडिओत नेऊन मोठा करून घेतला.

तेराव्याला गेलो तर भिंतीवर चंदनाचा हार घातलेले महाराज. पासपोर्टला बसतात तसे ताठ, डोळे विस्फारलेले, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. आणि त्यांच्या मागे, स्टुडिओवाल्याने सफाईने बसवलेला, तो सोनेरी पूल.

"मीच सांगितलं तसं करायला," मुलगा मला म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

भेटायला येणारे फोटोपुढे हात जोडत आणि म्हणत, माणूस फार फिरला हो. त्यांची बायको खाली मान घालून एकेकापुढे पाण्याचा पेला ठेवत होती.