शिव्या गाळलेला अर्ज

पंधरा वर्षांची, सातवी पास, अक्षर मोत्यासारखं. एवढ्या भांडवलावर मी गावातली शहाणी मुलगी ठरले होते. आपलं राज्य येऊन तेव्हा दहाएक वर्षं झाली होती, आणि जो तो सरकारला अर्ज करायचा.

आमच्या खाडीच्या बांधातली उघाडी, म्हणजे शेतातलं पाणी बाहेर सोडायचं लाकडी दार, कुजली होती. विधवा आत्याचं एकुलतं एक भाताचं शेत तिला लागूनच. खारं पाणी एकदा आत शिरलं की दोन-तीन वर्षं भाताचं नाव नको. आत्या रोज तिथे खेकडे-चिंबोऱ्या धरायची, त्यामुळे तिला फळी न् फळी ठाऊक. गावच्या पंचांनाही बांध ठाऊक होता, देवळाच्या ओट्यावरून दिसायचा तेवढा.

आत्याला लिहिता येत नव्हतं. ती बोलली, मी ऐकलं. "त्या मेल्यांनी सागाच्या जागी आंब्याची फळी ठोकलीय. खालून तिसरी. माझा हात कोपरापर्यंत आत जातो. आवसेच्या उधाणाला गुडघाभर पाणी येतंय, आन् हे मुडदे मलाच इचारतात, बाय, तुला काय कळतंय?"

पंच म्हणाले, "बाईमाणसाचा राग कागदावर शोभत न्हाय. नीट लिही."

मी नीट लिहिलं. 'उघाडी नादुरुस्त आहे, तरी मायबाप सरकारने कृपादृष्टी ठेवावी.' शिव्यांबरोबर फळी गेली, आंबा गेला, अवसही गेली. गुरुजींनी अक्षराला शाबासकी दिली. दोन महिन्यांनी उत्तर आलं, अर्ज मिळाला.

आत्याने अर्जाची नक्कल आणि उत्तर, दोन्ही माझ्याकडून वाचून घेतलं.

"यात माझं काय हाय?"

मी दौत काढली.

"आता मी बोलते तसं लिही. एक शबुद गाळलास तर बघ."

आठव्या दिवशी कचेरीतला साहेब हजर झाला. फळी बघायला नव्हे, मुडदा कुणाला म्हटलं ते विचारायला. "चला, दावते," म्हणत आत्याने त्याला तोंडाचा पट्टा चालू ठेवूनच उघाडीपर्यंत नेलं. "घाला हात," ती म्हणाली. त्याने घातला. कोपरापर्यंत गेला, तशी त्याने मान हलवली. मागून आलेल्या पंचांनीही माना हलवल्या, जणू त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

अवसेच्या आत सागाची फळी बसली. शेत वाचलं.

मग कचेरीचा कागद आला. पंचांनी तो ओट्यावर मलाच वाचायला लावला. 'साहेबांच्या पाहणीत दोष आढळून आला.' आत्याचा उल्लेखही नव्हता. गाळण्यात कचेरीवाले माझेही गुरू निघाले.

आत्या खाली उभी राहून ऐकत होती.

"घरी चल," ती म्हणाली. "दौत काढ."