तीर्थानं धुतलेले पाय

कुरवंड्याचा कोंडाजी पलटणीबरोबर इटलीत होता, तेव्हाची ही गोष्ट. चव्वेचाळीस साल. तिथं त्याला घरून पत्र आलं. लेक झुंबर तापानं फणफणली होती, डोळे उघडत नव्हती. पत्र दोन महिन्यांपूर्वीचं. म्हणजे पोर आहे की नाही, हेही कळायला मार्ग नव्हता.

पलटण एका जुन्या शहरात चार दिवस थांबली होती. शहराच्या ऐन मध्यावर सात-आठशे वर्षांचं दगडी चर्च होतं.

"देव कुणाचा का असंना, पोरीसाठी साकडं घालून येतो," असं म्हणून कोंडाजी निघाला. सोबतीला वराळ्याचा वाहिद होता.

दोघांनी दारातच बूट काढले. आत पाऊल टाकताच खांबापाशी पाण्यानं भरलेली दगडी कुंडी दिसली.

"हे कशाला रं?" कोंडाजीनं विचारलं.

"पाय धुवायला. आमच्या मशिदीत हौद असतो की."

"आमच्याबी देवळाम्होरं रांजण असतो. शानी हाईत माणसं!"

कोंडाजीनं ओंजळी भरभरून पायांवर पाणी घेतलं. आठवड्याचा चिखल फरशीवर पसरला. तेवढ्यात काळे कपडे घातलेली एक म्हातारी आत आली. तिनं कुंडीत बोटं बुडवून कपाळाला, छातीला लावली आणि मग तिची नजर खाली गेली. तेव्हा कोंडाजीला उमगलं. तीर्थ होतं ते! तीर्थानं आपण पाय धुतले!

डोक्याचा रुमाल सोडून म्हातारी गुडघ्यांवर बसली आणि फरशी पुसू लागली.

"माय, मला द्या, मी पुसतो," म्हणत कोंडाजीनं रुमालाला हात घातला. तिनं सोडला नाही. फरशी झाल्यावर त्याच रुमालानं तिनं त्याचे ओले पायही पुसले. आईच्या वयाच्या बाईनं पायाला हात लावला! त्याला पाय मागं घ्यायचंही सुचलं नाही.

बाहेर आल्यावर वाहिद म्हणाला, "शिव्या तर न्हाई दिल्या बिचारीनं."

"दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

"आन् पोरीचं मागितलंस का?"

कोंडाजी बूट हातात घेऊन पुन्हा दारापाशी गेला. तिथंच बराच वेळ उभा राहिला आणि माघारी आला. कोणत्या तोंडानं मागायचं?

शेचाळीस साली तो घरी परतला. झुंबर अंगणात शेळीमागं धावत होती. बायको बयाबाई डोळे पुसत म्हणाली, "तिकडल्या देवाला बोलला असाल, म्हून वाचली."

"न्हाई. दारापतुर गेलतो."

"मंग?"

"मागितलं न्हाई."

"पोटच्या पोरीसाठी? अवं, का पर?"

कोंडाजीनं बैलाचं नीट बांधलेलं दावं सोडलं आणि पुन्हा बांधायला घेतलं.